कवळीचे पैसे

माणसाला दात दोनदा येतात, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ते अर्धसत्य आहे. दात तिसऱ्यांदाही येतात. फक्त त्या वेळी ते विकत घ्यावे लागतात. २०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या दंतवैद्यांनी माझ्या तोंडातले उरलेसुरले सात दात काढले आणि "हिरड्या भरून येऊ देत, तीन महिन्यांनी या, झकास कवळी बसवू," असं म्हणत एका चिठ्ठीवर ४०,००० रुपयांचा आकडा लिहून दिला. आकडा बघून मी आ वासला. आत काहीच नसल्यामुळे तो जरा मोठाच दिसला असावा.

पैसे होते. एक मुदतठेव नुकतीच पिकली होती. प्रश्न एवढाच होता, की हे पैसे तीन महिने ठेवायचे कुठे? खरं म्हणजे छत्तीस वर्षं बँकेच्या रोख खिडकीमागे बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला नको. 'पैसे बँकेत ठेवावेत' हे मी जन्मभर लोकांना जाळीतून सांगत आलो. पण निवृत्त माणसाचं डोकं आणि तीन महिने मोकळे पडलेले पैसे, या दोन गोष्टी एका घरात असू नयेत. त्यातून आमच्या घरी दर रविवारी जेवायला बंडू येतो.

बंडू माझा भाचा. हिंजवडीला संगणकाच्या कचेरीत असतो. आमटीचा भुरका मारता मारता तो म्हणाला, "मामा, तुझे पैसे झोपलेत."

"झोपू दे की. माझ्याबरोबर दमलेत बिचारे."

"पैसे झोपले की महागाई त्यांच्या खिशात हात घालते. ते क्रिप्टोत टाक."

'क्रिप्टो' हा शब्द दातांशिवाय उच्चारता येत नाही. मी तो दोनदा म्हणून बघितला, तेव्हा समोरच्या वरणावर थोडा फवारा उडाला, आणि आमच्या गुंतवणुकीचा शुभारंभ झाला.

मग बंडूनं मला समजावायला घेतलं. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी नऊ पानांचा एक निबंध लिहिला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन नावाचं नाणं सुरू झालं. हा सातोशी कोण, कुठला, एक आहे की चारजण मिळून आहेत, कुणालाही ठाऊक नाही.

"म्हणजे मालक बेपत्ता?" मी विचारलं.

"मालकच नाही मामा! तीच तर गंमत आहे!"

आमच्या धंद्यात मालक बेपत्ता झाला की गंमत नसायची, बाहेर रांग लागायची. पण मी गप्प बसलो.

बंडू पुढं ब्लॉकचेन, नोड, हॅश असं बरंच बोलला. माझा चेहरा कोराच राहिला. तेवढ्यात ही पोळी वाढायला आली आणि म्हणाली, "म्हणजे आमची भिशीच की!"

हिच्या भिशीत बारा बायका आहेत. पूर्वी एकच खजिनदार होती. एकदा हिशेबात घोळ झाला, तेव्हापासून त्यांनी नवी पद्धत काढली. दर महिन्याला कुणी किती दिले, कुणाला मिळाले, ते बाराही जणी आपापल्या वहीत लिहितात. एकीनं आपल्या वहीत खाडाखोड केली, तर उरलेल्या अकरा वह्या तिला तोंडघशी पाडतात. बंडू म्हणाला, की ब्लॉकचेन म्हणजे हेच. बारांऐवजी जगभर हजारो वह्या, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण, म्हणजे मधलंच पान फाडायची सोय नाही. नवं पान लिहायचा मान कुणाला? तर संगणकावर एक किचकट कोडं जो आधी सोडवेल त्याला. त्याबद्दल बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. २००९ साली हे बक्षीस ५० नाण्यांचं होतं, ते साधारण चार वर्षांनी निम्मं होत जातं, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत.

"इतकं सोपं आहे?" ही म्हणाली. "पण बंडू, आमच्यात एखादीनं हप्ता बुडवला ना, की आम्ही सगळ्याजणी तिच्या घरी जाऊन बसतो. पैसे मिळेपर्यंत चहा पीत बसतो. ह्यात कुणाच्या घरी जाऊन बसायचं?"

बंडू हसला. मीही हसलो, हिरड्यांनी. बायकांना तंत्रज्ञानातलं काय कळतं, अशा अर्थाचं ते हसू होतं. ते मला पुढं फार महाग पडलं.

हिला न सांगता मी दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. पॅन कार्ड दाखवलं, आधार दाखवलं. मग फोनमधल्या बाईनं मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, डोळे मिचकवा अशी कवायत करून घेतली आणि शेवटी लिहिलं, 'आता हसा.' मी हसलो. यंत्रानं मला नाकारलं. पॅन कार्डावरच्या माझ्या फोटोला दात आहेत! तीनदा हसलो, तीनदा नापास. शेवटी ओठ मिटून, मोनालिसासारखा हसलो, तेव्हा मी मीच आहे हे त्याला पटलं.

एका बिटकॉइनचा भाव त्या नोव्हेंबरात पन्नास लाखांच्या घरात होता. मी घाबरलो. पण बंडू म्हणाला, अख्खं नाणं घ्यावं लागत नाही. एका नाण्याचे दहा कोटी तुकडे होतात, त्यातल्या एका तुकड्याला सातोशी म्हणतात. म्हणून मी २०,००० रुपयांचा तुकडा घेतला, तो भरला ०.००४ बिटकॉइन. उरलेल्या २०,००० चं बंडूच्या सल्ल्यानं एक छोटं नाणं घेतलं. त्याला एका प्राण्याचं नाव होतं. ते इथे लिहीत नाही. प्राण्याचा त्यात काही दोष नव्हता.

आता हा भाव ठरतो कसा, ते सांगतो, कारण मला ते कळायला सहा महिने आणि बरेच पैसे लागले. तुम्हाला फुकट मिळतंय. कंपनीच्या शेअरच्या मागे निदान कारखाना असतो, धूर निघतो, वर्षाकाठी नफा-तोटा छापून येतो. सोन्याची पाटली करता येते. नोटेवर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर धारकाला पैसे द्यायचं वचन देतो आणि खाली सही करतो. ती सही मी छत्तीस वर्षं रोज हजारदा बघितली आहे. ह्या नाण्यावर कुणाचंच वचन नाही. त्याचा भाव म्हणजे फक्त पुढच्या गिऱ्हाइकाची मर्जी. एका बाजूला विकणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांची. जिथं दोघांचा आकडा जुळतो तो भाव. एक्स्चेंज म्हणजे फक्त मंडई. ती दोघांकडून कमिशन घेते. भाजी नासली तर तिची जबाबदारी नाही.

हीच मर्जी कुठून कुठे जाते, बघा. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका गृहस्थानं दोन पिझ्झ्यांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. माझ्या ०.००४ मध्ये त्याला पिझ्झ्याचा वाससुद्धा आला नसता. अकरा वर्षांनी तेवढ्यासाठी मी २०,००० मोजले. पिझ्झ्यात आणि बिटकॉइनमध्ये फरक काही पडला नव्हता. फरक पडला तो गिऱ्हाइकांत.

एक महिना मी राजासारखा जगलो. बिटकॉइन जरा उतरलं, पण प्राणी धावत सुटला. २०,००० चे ३०,००० झाले, ४५,००० झाले, एका रात्री ६१,०००! मी मऊ भात खात होतो आणि मनात मटण शिजत होतं. रात्री दोन वाजता उठून बघायचो. हा बाजार रात्री झोपत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. माणूस चहा पितो, बायकोशी बोलतो, रविवारी नाटकाला जातो. भाव फारच पडले तर तिथं काही वेळ व्यवहार थांबवायची सोय आहे. इथं चोवीस तास, सातही दिवस, दिवाळीत, पितृपक्षात, सुतकात बाजार चालूच. निवृत्त माणसाला आधीच झोप कमी. तीही मी गहाण टाकली.

हिला वाटायचं, मी फार वेळा उठतो म्हणजे काहीतरी लघवीची तक्रार असावी. तिनं डॉक्टरांची वेळ घेतली. मी मुकाट्यानं जाऊन तपासून आलो. प्रोस्टेट उत्तम निघाली.

जानेवारीत दंतवैद्यांचा फोन आला. मी प्राणी विकायला काढला. पडद्यावर ५२,००० दिसत होते. म्हटलं चला, कवळी झाली, वर हिला साडी. आणि तेव्हा मला कोथिंबिरीचा सिद्धांत कळला.

समजा, मंडईत एका घाईतल्या माणसानं कोथिंबिरीची एक जुडी चाळीस रुपयांना घेतली. झालं! आता मंडईतल्या सगळ्या जुड्या चाळीस रुपयांच्या. दहा हजार जुड्या असतील तर कोथिंबिरीचं बाजारमूल्य चार लाख! वर्तमानपत्रांत अमक्या नाण्याचं मूल्य इतके हजार कोटी असं छापून येतं, ते असंच काढतात. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले नाण्यांची संख्या. पण तुम्ही पोतं घेऊन विकायला जा. चाळीसनं घेणारा एकच होता, तो जुडी घेऊन घरी गेला. पुढचा म्हणतो तीस, त्याच्या पुढचा बारा, आणि मग सगळे मेथीकडे वळतात.

माझ्या प्राण्याला त्या भावानं घेणारे होते, पण चिमूटभर. मी सगळा ५२,००० ला लावून बसलो. भाव ४८,००० वर आला. मी खाली उतरून ४८,००० लावले. तोवर तो ४३,००० वर. भाव जिना उतरत होता आणि मी मागून "अहो, थांबा!" म्हणत होतो. बरं, मिळेल त्या भावानं टाकून मोकळं व्हावं, तर ते मनाला पटेना. ज्यानं एकदा ६१,००० बघितलेत त्याला ४३,००० म्हणजे तोटा वाटतो. घातलेले २०,००० त्याला आठवतच नाहीत. मी डॉक्टरांना सांगितलं, "हिरड्या अजून भरल्या नाहीत." डॉक्टर म्हणाले, "तोंड दाखवा." मी फोन ठेवला.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला. नफ्यावर सरळ ३० टक्के कर. घेतलेल्या किमतीखेरीज कुठलाही खर्च वजा नाही. आणि एका नाण्यात बुडालात तर तो तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करायचा नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का मुळातच कापून घ्यायचा. म्हणजे नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात शेजारी.

मग मे उजाडला. लूना नावाचं एक नाणं होतं. त्याचं एक जोडनाणं होतं, ते कायम एका डॉलरचंच राहणार असं सांगत असत. घसरलं तर लूनाची नवी नाणी पाडून ते सावरायचं, अशी योजना. त्या जोडनाण्यावर वीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. कुठलाही जुना कॅशियर सांगेल, की वीस टक्के व्याज ऐकलं की आधी पायात चपला घालाव्यात. ७ मेनंतर जोडनाणं डॉलरखाली गेलं. सावरायला लूना पाडत सुटले. पस्तीस कोटींच्या आसपास होती ती नाणी आठवड्याभरात साडेसहा लाख कोटींवर गेली. एप्रिलात शंभर डॉलरच्या वर असलेलं लूना पैशाच्याही खाली आलं. त्या धक्क्यानं सगळा बाजार हलला. बिटकॉइन ३९,००० डॉलरवरून आठवड्यात २७,००० च्या खाली. माझा प्राणी? ३४० रुपये. तेही पडद्यावर.

त्या रविवारी बंडू जेवायला आला नाही. पुढच्याही नाही. फोन उचलेना. तेव्हा मी बस पकडून त्याच्या खोलीवर गेलो. बंडू दाढी वाढवून बसला होता. त्यानं मला सगळं सांगितलं. त्यानं बँकेकडून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं, आणि त्यावर एक्स्चेंजकडून दहापट उधारी घेतली होती. अशी सोय तिथं असते. तीन लाख ठेवायचे आणि तीस लाखांचा सौदा करायचा. भाव दहा टक्के चढला तर पैसे दुप्पट. पण दहा टक्के उतरला, की एक्स्चेंज तुम्हाला न विचारता सौदा मोडतं आणि तुमचे तीन लाख त्यात जातात. पुढं भाव पुन्हा चढला तरी तुमचा काही संबंध नाही. बंडू रात्री एकला झोपला, तेव्हा पैसे होते. सकाळी साताला उठला, तेव्हा नव्हते. ज्याचे पैसे कधी झोपू नयेत त्याला झोप लागली होती, एवढाच गुन्हा.

"मामा," तो म्हणाला, "तू छत्तीस वर्षं बँकेत होतास. मला थांबवलं का नाहीस?"

"अरे, तू मला शिकवत होतास ना!"

हे मी विनोदानं बोललो, पण माझा मलाच विनोद टोचला. कर्ज काढून सट्टा खेळलेल्या लोकांचे हात मी खिडकीतून बघितले आहेत. पैसे भरताना ते थरथरतात. हा एक धडा मला येत होता, आणि तेवढाच मी बंडूला दिला नाही. का? तर ६१,००० दिसत होते. लोभी मामाला भाच्याचं तोंड दिसत नाही, फक्त त्याच्या हातातला फोन दिसतो.

आम्ही दोघं बँकेत गेलो. तिथं व्यवस्थापक नावाचा एक माणूस होता, त्याच्यापुढं खुर्ची होती, त्या खुर्चीत बसता आलं. त्यानं थोडं ऐकवलं, पण मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला. बाहेर आल्यावर बंडू म्हणाला, "मामी म्हणाली होती ना, कुणाच्या घरी जाऊन बसायचं..."

घरी येऊन मी हिला सगळं सांगायचं ठरवलं. घसा खाकरला. ही म्हणाली, "मला ठाऊक आहे."

बिटकॉइन मी मंडईतून काढून स्वतःच्या पाकिटात ठेवलं होतं. तशा पाकिटाला किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द देतात. ते ज्याच्याकडे त्याचे पैसे. हरवले तर गेले. 'किल्ली हरवली' असा अर्ज घेणारी कुठलीही शाखा नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावात एका गृहस्थाची किल्ली २०१३ साली जुन्या हार्ड डिस्कबरोबर कचरा डेपोत गेली, हजारो बिटकॉइनची. हे वाचून मी माझे बारा शब्द दंतवैद्यांच्या त्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून रामरक्षेच्या पुस्तकात ठेवले होते. हिनं रामरक्षा उघडली, तर आत एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले बारा इंग्रजी शब्द, माझ्या अक्षरात. तिला वाटलं, दातांपाठोपाठ डोकंही गेलं. तिनं घाबरून बंडूला फोन केला. तो मामीशी खोटं बोलत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय, दात आले असते?"

ती आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. त्या महिन्याची भिशी दुसऱ्याच एका काकूंची होती. हिनं बारा वह्यांत खाडाखोड न करता, बाराजणींना विचारून, नंबर बदलून घेतला होता. कारण काय सांगितलं, तर "ह्यांचे दात." सगळ्या लगेच तयार झाल्या म्हणे. जून २०२२ मध्ये माझ्या तोंडात भिशीची कवळी बसली.

बिटकॉइन मी २०२४ च्या डिसेंबरात विकलं. भाव एक लाख डॉलरच्या वर गेला होता. माझ्या तुकड्याचे ३४,००० आले. प्राणी विकून त्याचे ३४० सुद्धा आले नाहीत. बिटकॉइनच्या १४,००० नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर भरला. प्राण्याचे बुडालेले वीस हजार त्यातून वजा झाले नाहीत. उरलेले २९,००० आणि काही मी हिच्या हातावर ठेवले. चाळीस हजारांचे तीन वर्षांत एकोणतीस करून दाखवणं ही काही साधी गोष्ट नाही. तिनं ते मोजले आणि विचारलं, "भाव अजून चढला तर हळहळ वाटेल?" म्हटलं, "वाटेल. पण बसूनच वाटेल. रात्री उठून नाही."

बंडूचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. परवा सोसायटीतला एक मुलगा मला विचारत आला, "काका, क्रिप्टोत टाकू का?" मी त्याला सांगितलं, "टाक. पण बुडाले तर जेवणात फरक पडणार नाही एवढेच टाक. कर्ज काढू नकोस, उधारीवर खेळू नकोस. भाव वर गेलेला दिसला, तर घेणारा कोण आहे ते बघ. आणि आधी घरी सांग." तो म्हणाला, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच मला ४०,००० ला पडलं."

रात्री झोपताना मी कवळी काढून उशाशी पेल्यात ठेवतो. ती सकाळपर्यंत तिथंच असते. वाढत नाही, घटत नाही. दोनदा उठून बघतो, पण ती सवय आता प्रोस्टेटची आहे.